‘कावळा’ रॉकेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मैदानावर काळं काहीतरी वरून डुलत डुलत खाली येताना दिसलं, तर ते आमचं रॉकेट. सोसायटीतल्या पोरांनी त्याचं नाव ‘कावळा’ ठेवलं, कारण त्याचं पॅराशूट म्हणजे एक मोडलेली काळी छत्री आहे. मैदानावर, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, सगळीकडे लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. माझी नोकरी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात प्रेशर गेज तपासून देण्याची आहे. दाबाच्या बाबतीत मी जरा कडक बोलेन, ते समजून घ्या.

कावळा म्हणजे नक्की काय आहे?

सव्वादोन लिटरच्या सोड्याच्या बाटलीत पाऊण लिटर पाणी, वर पंपानं दाबून भरलेली हवा. बाटली उलटी, तोंड खाली. त्यावर दुसऱ्या बाटलीचं कापलेलं नाक, नाकात घडी घातलेली छत्री, आणि ती छत्री वेळेवर सोडणारं चावीच्या खेळण्यातलं यंत्र. मागे पंख नाहीत, एक गोल कडं आहे. पाणी न भरता वजन २१० ग्रॅम.

पाण्यावर रॉकेट उडतं कसं? पाण्यात काय ताकद?

ताकद हवेची, पाणी फक्त वजन देतं. पंप मारताना तुमच्या पायाची मेहनत हवेत साठते. बाटली सुटली की ती हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम, १६८७ पासून छापलेला आहे. नुसती हवा भरली तरी बाटली उडते, पण फुसकी. हवा हलकी असल्यामुळे तिला मागे फेकून फारसा रेटा मिळत नाही.

थोडं गणित सांगते, कारण पोरांना ते आवडतं. दाब ४ बार (बार हे दाब मोजायचं एकक) असेल तर पाणी सुरुवातीला सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगानं बाहेर पडतं. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेबावीस मिलिमीटरच्या आसपास. यावरून सुरुवातीचा रेटा काढला तर तो ३० किलो वजनाइतका येतो, आणि रॉकेट पाण्यासकट एक किलोसुद्धा नाही. पाऊण लिटर पाणी संपायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. म्हणून बघणाऱ्याला ‘उडालं’ असं दिसतच नाही. आधी ते खाली होतं आणि आता ते वर आहे, एवढंच कळतं.

ताई, दिवाळीच्या बाणासारखी दारू भरली तर आणखी उंच जाईल ना?

नाही. हे मला दर वर्षी विचारलं जातं आणि उत्तर दर वर्षी हेच असतं. फटाके फोडून दारू काढणं, काड्यांची गुलं खरवडणं, घरात कसलंही मिश्रण कालवणं, यातलं काहीही करायचं नाही. बोटं आणि डोळे जातात. शिवाय परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. ज्यांना हेच करायचं आहे त्यांना मी मैदानावर उभं करत नाही.

बाजारात तयार किट मिळतं. भंगारातून का बनवायचं?

किट वाईट नाही. पण किटमधला भाग तिथे का आहे, हे किट सांगत नाही. भंगारातली वस्तू हातात घेतली की आधी विचार करावा लागतो की ही बाई आजवर काय काम करत होती. माझा सगळा भर यावरच आहे. सोड्याची बाटली जन्मापासून दाब धरते. स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. छत्रीचं कापड वाऱ्याशी झुंजतं. चावीचं खेळणं सेकंद मोजत चालतं. या चारही वस्तूंना आपण नवीन काही शिकवत नाही, जुनंच काम नव्या जागी देतो. याउलट मिनरल वॉटरच्या बाटलीवर दाब लादला की ती फसवते, कारण ते काम तिनं कधी केलेलंच नाही.

पुण्याला आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. माझ्या पिढीतल्या अनेकांचे हात तिथून सुटले, माझेही.

सामान कुठून आणता?

बाटल्या लग्नाच्या हॉलमागून किंवा सोसायटीतल्या वाढदिवसांतून, पण त्याच दिवशी उचललेल्या. भंगारवाल्याकडच्या चेपलेल्या बाटल्या मी घेत नाही. स्कूटरची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे, बहुतेक वेळा फुकट. लाँचरचा, म्हणजे रॉकेट सोडायच्या स्टँडचा, पाइप प्लंबरकडच्या तुकड्यांतून. हवेची नळी म्हणून रबाळे-महापे भागात कारखान्यांतून निघालेली ८ मिलिमीटरची निळी पीयू ट्यूब भंगारात वजनावर मिळते. १० मीटर पुरे. बांबूच्या काड्या दिवाळीनंतर उतरवलेल्या आकाशकंदिलाच्या. चावीचं खेळणं म्हणजे लोकलमध्ये विकायला येतं ते उड्या मारणारं बेडूक. ते एका आठवड्यात बंद पडतं, पण बहुतेकदा पाय मोडलेला असतो, आतली यंत्रणा ठणठणीत असते. आणि छत्र्या? सप्टेंबर संपताना कुठल्याही स्टेशनबाहेर बघा.

कोणतीही प्लास्टिकची बाटली चालेल का?

फक्त सोडा किंवा कोल्ड्रिंकची. ओळख सोपी आहे: तळाला पाच पाय असतात. गॅसचा दाब तळाला बाहेर ढकलतो म्हणून तो आकार दिलेला असतो. पाण्याची, तेलाची, सरबताची बाटली नको. काचेची तर कधीच नको.

बाटली उन्हाकडे धरून फिरवून बघा. पांढरट रेघ, ओरखडा, चेपल्याची घडी दिसली तर बाद. गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेली बाद. तिच्यावर सँडपेपर घासायचा नाही. ग्लू गनचा गरम गोंद दाबाच्या बाटलीला लावायचा नाही, कारण हे प्लास्टिक ७०-८० अंशाला मऊ पडायला लागतं आणि गोंदाचा एक थेंब त्याच जागी भिंत कमजोर करतो. काड्या आणि कडं आम्ही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं आणि वरून पॅकिंगच्या टेपनं बसवतो.

पंख का नाहीत? हे कडं कसलं?

पहिल्या वर्षी पंख होते. जुन्या फाइलींच्या पुठ्ठ्याचे, नंतर निवडणुकीच्या बोर्डाच्या प्लास्टिकचे. दर उतरणीला एक पंख तुटायचा, आणि एक पंख वाकडा झाला की पुढचं उड्डाण भोवऱ्यासारखं. मग पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनचा मधला भाग कापून सहा सेंटिमीटर रुंदीचं कडं काढलं. कॅनला दाब सहन करता येत नाही, पण गोल राहणं हेच तिचं काम. आकाशकंदिलाच्या चार काड्यांनी ते बाटलीच्या तोंडाभोवती बसवलं. कुठल्याही बाजूनं आपटलं तरी कडं चेपतं आणि परत गोल होतं. आमचं आत्ताचं कडं दुसऱ्या हिवाळ्यात आहे.

याची किंमत आहे. कडं हवा जास्त अडवतं, त्यामुळे उंची कमी मिळते. उंचीचीच हौस असेल तर तीन पातळ पंख लावा. मला रॉकेट परत हवं असतं.

ते सरळच जाईल, गोते खाणार नाही, हे आधी कसं कळतं?

पुठ्ठा आणि दोरी, एवढ्यावर कळतं. रॉकेट पुठ्ठ्यावर आडवं ठेवून त्याची कडा आखा, कापा, आणि तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोला. जिथे तुलला तिथे खूण करा. वाऱ्याचा जोर साधारण तिथे एकवटतो असं समजायचं. मग खरं रॉकेट, छत्री भरून पण पाणी न भरता, तसंच तोला. रॉकेटचा तोल पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा नाकाच्या बाजूला निदान एका बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे ११ सेंटिमीटर पुढे यायला हवा. पुठ्ठ्याची रीत थोडी जास्तच सावध आहे, ते आपल्या फायद्याचं.

तोल मागे आला तर नाकात वजन घाला. आम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून भरतो. रबर जड असतं आणि मऊही.

नंतर तोलाच्या जागी दोरी बांधा आणि मोकळ्या जागेत रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर तयार. आडवं किंवा उलटं फिरलं तर अजून वजन. आमच्या गच्चीवर हे करताना खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गोफण आहे ही.” आजी जुन्नरकडच्या, शेतात पाखरं हाकलताना त्यांनी गोफण फिरवलेली. मग दोरी किती लांब ठेवायची ते त्यांनीच दाखवलं.

छत्रीचं पॅराशूट खरंच उघडतं?

छत्री या कामासाठी इतकी योग्य आहे की मला ती पहिल्यांदा उसवताना नवल वाटलं. लहान मुलांची छत्री घ्या, उघडल्यावर ७० सेंटिमीटरच्या आसपास. काड्या काढून टाका. कापड आठ पाकळ्यांचं, आधीच घुमटासारखं शिवलेलं. जिथे प्रत्येक काडीचं टोक अडकतं तिथे कंपनीनंच घट्ट टाके किंवा टोपी दिलेली असते. तिथेच आठ दोऱ्या बांधायच्या. आणि मधोमध दांड्यासाठी भोक आहेच. पॅराशूटला तसं भोक लागतंच. कोंडलेली हवा तिथून निघून जाते, नाहीतर पॅराशूट एका कडेनं हवा सांडत झोके घेतं.

दोऱ्या प्रत्येकी ८० सेंटिमीटर. पतंगाच्या मांज्याची दोरी नको, ती कापते. शिंप्याकडची जाड नायलॉन दोरी घ्या.

एवढ्या छत्रीखाली २१० ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला साधारण साडेतीन मीटर वेगानं उतरतं. चार पायऱ्यांवरून उडी मारल्यावर आपण जमिनीला जितक्या वेगानं लागतो, तितकंच. मोठ्यांची छत्री लावू नका. ती नाकात मावत नाही, आणि मावली तरी वारा रॉकेटला पुढच्या सेक्टरात नेऊन सोडतो.

बेडकातलं यंत्र छत्री कशी सोडतं?

सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त समाधानही यातच मिळालं.

बेडकाच्या पोटाचे स्क्रू काढा. आत काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकचा डबा असतो: स्प्रिंग, चार-पाच दातेरी चाकं आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेला दांडा, ज्याला पाय जोडलेले असतात. पाय कापा, दांडा ठेवा. दांड्याच्या टोकाला ब्लेडनं बारीक खाच पाडा. आता रॉकेटच्या नाकाला बाजूनं एक दार कापायचं, तळहाताएवढं. आत छत्रीच्या मागे स्पंजचा तुकडा दाबून ठेवलेला असतो, तो छत्री बाहेर ढकलायला टपलेला. दार एका रबरबँडनं बंद. रबरबँडचं दुसरं टोक एका दोऱ्याला, आणि तो दोरा दांड्यावर गुंडाळून त्याचं टोक खाचेत नुसतं सरकवलेलं. गाठ मारायची नाही.

चावी दिली की दांडा फिरतो, दोरा एकेक वेढा उलगडतो, शेवटी खाचेतून निसटतो, रबरबँड सुटतो आणि दार उघडतं. किती वेढे घेतले त्यावर वेळ ठरते. आमच्या बेडकाला अडीच वेढ्यांना तीन सेकंद लागतात, आणि कावळा वरच्या टोकाला पोचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तुमचं खेळणं वेगळं असेल. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा वेळा मोजा, दहाही आकडे वहीत लिहा. आकडे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त हलत असतील तर ते खेळणं बाजूला ठेवा. बहुतेक वेळा आत केस किंवा धूळ अडकलेली असते; शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

यंत्र सुरू कधी होणार? चाकाच्या दातांत बांबूची बारीक काडी खुपसलेली असते आणि ती दोऱ्यानं लाँचरला बांधलेली. रॉकेट उडालं की काडी खालीच राहते, चाक मोकळं होतं. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मैदानावर तेरा जण होतो आणि छत्री उघडेपर्यंत कोणी श्वास घेतला नसावा. उघडल्यावर फट् असा आवाज आला, भिजलेली छत्री झटकल्यासारखा.

लाँचर कसा बनवायचा?

अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप, करड्या किंवा पांढऱ्या रंगाचा, नळकामाचा. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, म्हणून तो बाटलीच्या तोंडात बेताचा बसतो. गरम पाण्याचा फिकट पिवळा सीपीव्हीसी पाइप त्याच नावाच्या मापात १५.९ मिलिमीटरचा असतो; तो ढिला पडतो. बरेच जण तोच आणतात आणि मग टेप गुंडाळत बसतात. वायरिंगचा पाइप अजिबात नको, तो दाबासाठी नाही.

पाइपवर कानसेनं उथळ गोल खाच पाडून त्यात ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवा. रिंगेचा आकडा पाठ करू नका, पाइप आणि बाटली दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि तिथेच बसवून बघा. ओ-रिंगला साबणाचं पाणी लावा.

बाटली अडकवून ठेवायला केबल टाय: पाइपभोवती दहा-बारा टाय उभे बांधायचे, त्यांची चौकोनी डोकी बाटलीच्या मानेवरच्या कंगोऱ्यावर बसली पाहिजेत. त्यांच्यावरून दोन इंची पाइपची तुकडा-बांगडी सरकवली की डोकी आत दाबली जातात आणि बाटली हलत नाही. दोरीनं बांगडी खाली ओढली की सगळे टाय एकदम फाकतात आणि बाटली सुटते. सगळीकडे एकसारखी सुटते म्हणून रॉकेट तिरकं निघत नाही.

दुसऱ्या टोकाला १० मीटर ट्यूब, तिच्या शेवटाला स्कूटरचा व्हॉल्व्ह, आणि त्याच्या शेजारी एक छोटा बॉल व्हॉल्व्ह. हा बॉल व्हॉल्व्ह विसरू नका. बांगडी अडकली, टाय वाकला, कोणी मैदानात घुसलं, तर जवळ न जाता दाब सोडता आला पाहिजे. पाइपचे जोड चिकटवायचं सॉल्व्हंट लावल्यावर २४ तास थांबा. आणि यूपीव्हीसी हवेच्या दाबानं फुटला तर त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात, म्हणून लाँचरचा सगळा पाइप सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळून टाका.

दाब किती, पाणी किती?

पाणी बाटलीच्या एक तृतीयांश. दाब ४ बार, म्हणजे ६० पीएसआयच्या जरा आत. यावर नाही. सोड्याची चांगली नवी बाटली याच्या दुपटीहून जास्त दाबाला फुटते हे मला माहीत आहे. पण तुमची बाटली नवी नसते, आणि ती किती वेळा आपटली याची वही तुम्ही ठेवलेली नसते.

आता गेजबद्दल. सोसायटीतले तीन फूट पंप मी कामावरच्या तपासलेल्या गेजला लावून बघितले. दोन ठीक होते. तिसरा ४० पीएसआय दाखवत होता तेव्हा खरा दाब ५२ होता. त्या पंपाच्या मालकानं ६० च्या खुणेपर्यंत मारलं असतं तर बाटलीत किती गेलं असतं, याचा हिशोब करा. तुमचा पंप टायरच्या दुकानातल्या दोन वेगळ्या गेजशी ताडून घ्या आणि फरक पंपावर मार्करनं लिहा.

बाटली फुटली तर?

हवेनं भरलेली बाटली फुटली तर तुकडे उडतात. म्हणून प्रत्येक नवी बाटली आधी पाण्यानं गळ्यापर्यंत भरून, लाँचरला लावून, ५ बारपर्यंत नेऊन दोन मिनिटं ठेवायची. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ताकद साठत नाही. बाटली फाटली तरी फस्स होऊन पाणी सांडतं. ही तपासणी बाथरूममध्ये नको. बाहेर, वर जुनी चादर टाकून, आणि तरीही १० मीटरवरूनच.

कुठे उडवायचं? ठाण्यात उपवनला किंवा येऊरला चालेल?

उपवनला गर्दी असते. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल; तिथे नाही. खाडीकाठीही नाही. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि हिवाळा, जो आपल्याला उडवायला सोयीचा, तोच त्यांचाही मोसम. थव्यापाशी धडाम् आवाज करत वर जाणारं काहीही नको. नेरूळच्या तलावांजवळही नको.

उलवे-पनवेल बाजूला राहणाऱ्यांना स्पष्ट सांगते: नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आहे. त्या परिसरात हा खेळ बंद ठेवा आणि मैदान बदला. रेल्वेच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात, तेव्हा ट्रान्स-हार्बरच्या रुळांच्या आसपास नाही. ऐरोली, घणसोली, कळवा भागात उच्च दाबाचे मनोरे जागोजागी आहेत, म्हणून मैदानावर पोचल्यावर आधी वर बघा. ओली छत्री तारेवर अडकली तर ती आपली राहिली नाही. काठीनं काढायला जायचं नाही.

उरतं ते शाळेचं किंवा महापालिकेचं मोठं मैदान, चारही बाजूंनी निदान १०० मीटर मोकळं, ताबा असलेल्याची परवानगी घेऊन. क्रिकेटवाले आधी आले असतील तर मैदान त्यांचं. आम्ही त्यांच्याशी ठरवून घेतलं आहे: ते साडेआठला येतात, आम्ही सव्वाआठला आवरतो.

एवढ्या सकाळी का?

वाऱ्यासाठी. आपल्याकडे दुपारकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा धरतो. सकाळी सात-आठला हवा पडलेली असते. कावळा ४० मीटरवरून उतरायला अकरा-बारा सेकंद घेतो. सेकंदाला तीन मीटरचा वारा असेल तर तो पस्तीस मीटर लांब जाऊन पडतो. झाडाची पानं सतत हलत असतील तर आम्ही पंप पिशवीतून काढतच नाही.

उंची कशी मोजता?

कंपासपेटीतला कोनमापक, मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला नट. लाँचरपासून ४० मीटर मोजून उभं राहायचं, कोनमापकाच्या सरळ कडेवरून रॉकेटकडे बघायचं आणि ते सगळ्यात वर पोचलं की दोरा बोटानं दाबायचा. ९० मधून दोऱ्याचा आकडा वजा केला की कोन मिळतो. ४५ अंश आला तर उंची ४० मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. बाकी कोनांना टॅनचं कोष्टक. दोघांनी दोन बाजूंनी मोजा, सरासरी घ्या. कावळा बहुतेक वेळा ३६ ते ४२ मीटरमध्ये येतो, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची इमारत. नववीतल्या एका मुलीनं मागच्या हिवाळ्यात ही सगळी वही एकटीनं ठेवली. तिला त्रिकोणमिती शाळेत त्यानंतर चार महिन्यांनी आली.

उतरलेल्या बाटलीत पांढरा धूर दिसतो. आग लागते का?

धूर नाही, ढग. पाणी गेल्यावर उरलेली दाबाची हवा एकदम पसरते, पसरताना थंड पडते, आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. बाटली लगेच हातात घ्या, गार लागेल. उन्हाकडे धरलीत तर ढग हळूहळू विरताना दिसतो. लहान मुलांना मी उड्डाणापेक्षा हेच आधी दाखवते.

किती वर्षांच्या मुलांनी करावं?

कापणं, टेप, मोजमाप: तिसरी-चौथीपासून. पंप आणि दोरी: शेजारी मोठं माणूस उभं असेल तर सातवीनंतर. दाब चढल्यावर १० मीटरच्या आत कोणी नाही, मीसुद्धा नाही. पंपावर बसणाऱ्यानं चष्मा लावायचाच.

खर्च?

केबल टाय, ओ-रिंग, सॉल्व्हंट, टेप आणि बॉल व्हॉल्व्ह विकत. बाकी गोळा केलेलं. पंप उसना मिळतो.

कधी अपघात झाला का?

एकदा होता होता राहिला. पहिल्या वर्षी नाकाला शाम्पूच्या बाटलीचं कडक टोपण होतं, दिसायला सुंदर. बेडकाची काडी दातांत अडकून राहिली, चाक सुटलं नाही, छत्री आतच. रॉकेट नाकावर खाली आलं आणि मैदानाच्या मातीत चार बोटं खोल रुतलं. त्या जागी दोन मिनिटांपूर्वी आमच्याच इमारतीतला सहा वर्षांचा मुलगा चप्पल शोधत होता. त्याची आई काही बोलली नाही, मुलाला घेऊन घरी गेली. मी त्या रविवारी दुसरं उड्डाण केलं नाही.

तेव्हापासून टोपणाच्या जागी स्पंजचा चेंडू आहे. काडीची ओढ उड्डाणाआधी हातानं तपासतो. आणि मोजणी सुरू करण्याआधी एक जण मोठ्यानं “डोकी वर!” ओरडतो, सगळ्यांची नजर वर गेल्याशिवाय दोरी ओढायची नाही. त्या मुलाची आई पुढच्या महिन्यात स्वतः येऊन उभी राहिली, आणि आता ओरडायचं काम तीच करते.

एक बाटली किती उड्डाणं चालते?

आम्ही दहा उड्डाणांनंतर बदलतो, दिसायला चांगली असली तरी. प्रत्येक उड्डाणाला बाटलीवर मार्करची एक रेघ. झाडावर किंवा दगडावर आपटली तर रेघा न मोजता लगेच बाद, आणि बाद झालेली कापून टाकायची, म्हणजे कोणी चुकून परत लावणार नाही.

झाडावर अडकलं तर?

दगड मारू नका, चढू नका. मैदानाच्या कडेला मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड आहे, कावळा त्यात दोनदा अडकला. दुसऱ्या वेळी खरे कावळे जमले, चांगले वीस-पंचवीस, आणि त्या काळ्या कापडाभोवती अर्धा तास कलकलाट चालला. एकानं दोरीसुद्धा ओढून बघितली. आम्ही खाली चादर धरून उभे होतो, मग पोरांची घरी जायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडलोट करणाऱ्या मावशींना ते खाली पडलेलं सापडलं, त्यांनी वॉचमनकडे ठेवलं. छत्रीच्या तीन दोऱ्या तुटल्या होत्या, कडं शाबूत होतं, बेडूक चालत होतं. बाटलीवर सात रेघा होत्या. तिच्या मानेपाशी पांढरी रेघ उठलेली दिसली, म्हणून ती तिथेच वॉचमनच्या टेबलावर कापली.